पहिला बोर्ड पाहुण्याचा

कॅरमचा विषय निघाला की आमच्याकडचे लोक अजूनही माझ्याकडे बघून चुकचुकतात. "नशिबानं दगा देल्ला बाईले," म्हणतात. मी ऐकून घेते, पण आतून चिडते. नशिबाला कशाला मधे ओढायचं? नशीब त्या दिवशी हॉलमधे आलंच नव्हतं. तिथे मी होते, समोर एक मुलगी होती आणि मागच्या बाकावर माझा मामा होता, ज्यानं मला खेळायला शिकवलं. एका बोर्डासाठी, म्हणजे कॅरमच्या एका फेरीसाठी, हाताशी आलेली नोकरी गेली. त्यात माझी चूक किती आणि मामाची किती, याची वाटणी मला आजपर्यंत करता आलेली नाही.

आमचं गाव भंडारा जिल्ह्यात, लाखांदूरपासून दोन कोसांवर. घरची माणसं तळ्यावर मासे धरणारी, आणि पावसाळ्यात लोकांच्या बांध्यांमधे धानाच्या रोवणीला जाणारी. दोन्ही कामं पाण्याची नि चिखलाची. मी चार वर्षांची असताना मला ताप आला आणि जाताना डाव्या पायातली ताकद घेऊन गेला. पाय आहे, पण नावाला. कोरड्या जमिनीवर काठी घेऊन चालते, चिखलात एक पाऊल टाकलं की दुसरं निघत नाही. आता सांगा, आमच्यासारख्यांच्या घरात जिला चिखलात उभं राहता येत नाही तिचा उपयोग काय? तोंडावर कोणी म्हणत नसे. पण रोवणीच्या दिवसांत सगळं गाव रिकामं व्हायचं, आणि मी उंबऱ्यात बसून कोंबड्या हाकलायची, तेव्हा कोणी म्हणायची गरजही उरत नसे.

बाबा लवकर गेले. आई तेवढी बोलायची. "मी हाय तंवर हाय. मंग हिचं कोण?" हे ती मला विचारत नसे, तांदूळ पाखडता पाखडता सुपाला विचारायची. बसून करता येईल असं काहीतरी काम मिळावं म्हणून तिनं मला मॅट्रिकपर्यंत शिकवलं. मॅट्रिक झाले. काम काही मिळालं नाही.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. त्याची बायको पहिल्याच बाळंतपणात गेली, दुसरी त्यानं केली नाही, आणि जाळं म्हणाल तर त्यानं जन्मात कधी खांद्यावर घेतलं नाही. बहिणीकडेच राहायचा. त्याचा धंदा कॅरम. गावातले सभ्य लोक "तो खेळते" म्हणत, बाकीचे सरळ "जुव्वारी" म्हणत. मामा स्वतः म्हणायचा, "मी दौऱ्यावर चाललो." आणि खरोखरच एखाद्या साहेबासारखा महिन्याचा दौरा आखून निघायचा. शहापूरला मोठ्या रस्त्यावर ट्रकवाले जेवायला थांबत, तिकडे एक दिवस. नाकाडोंगरीकडे खाणीचे मजूर पगार झाला की मोकळे असत, तिकडे एक. लाखांदूरला बाजाराचा दिवस. त्या काळी, म्हणजे सत्तर-पंचाहत्तरच्या सुमारास, चहाच्या प्रत्येक हॉटेलात एका रिकाम्या ड्रमवर कॅरमबोर्ड ठेवलेला असे आणि त्याभोवती चार रिकामटेकडे. एका ठिकाणी महिन्यातून एकदाच जायचं, हा मामाचा नियम. अंगात धुतलेला सदरा, हातात छत्री, पिशवीत वांगी. बघणाऱ्याला वाटावं, सासुरवाडीला चालला आहे बिचारा.

मी त्याचं खेळणं एकदाच डोळ्यांनी पाहिलं. सतरा वर्षांची होते. पायाचा, अपंग असल्याचा दाखला काढायला तो मला लाखांदूरच्या दवाखान्यात घेऊन गेला होता. दाखला मिळाला नाही, डॉक्टर रजेवर. परतीच्या एसटीला दोन तास होते. मामानं मला हॉटेलातल्या बाकावर बसवलं, चहा सांगितला आणि हळूच म्हणाला, "आतापासून तू मले ओळखत नाही."

मग तो ड्रमजवळ जाऊन उभा राहिला. बराच वेळ नुसता बघत होता. मग कोणाला तरी विचारलं, "लाखांदूर-पवनी गाडीले टाईम हाय का हो?" त्यावर कोणीतरी म्हणालं, लगीत, दोन तास टाईम आहे, बसा, खेळता का? मामा लाजला. माझा मामा, लाजला! "लहानपणी खेळलो होतो," म्हणाला.

पहिल्या बोर्डात तो असा खेळला की मला त्याची दया आली. स्ट्रायकर कसा धरायचा हेही येत नसल्यासारखा. सोंगटी पॉकेटपर्यंत जायची आणि काठावर येऊन थांबायची. "आली होती हो," असं तो इतक्या कळवळून म्हणायचा की समोरचाच त्याची समजूत घालायचा. तो बोर्ड मामा हरला. दुसरा बोर्ड जिंकला, पण थोडक्यात. तिसरा, चौथा, सगळे थोडक्यात. दर वेळी जिंकला की स्वतःच चकित होऊन आजूबाजूला बघायचा. खेळ संपल्यावर समोरच्याला त्यानं चहा पाजला आणि म्हणाला, "तुमचा हात साफ हाय. आज माह्या बाजूनं पडलं, एवढंच." आणि जो माणूस खिसा झाडून हरला होता तोच दारापर्यंत पोचवायला आला. "पुन्हा येजा हो पाहुणे," म्हणाला.

एसटीत बसल्यावर मी तोंड फिरवून घेतलं.

"काय झालं व?" मामानं विचारलं.

"तू पहिल्या बोर्डाले मुद्दाम हारला."

"हाव. पहिला बोर्ड पाहुण्याचा असते. घरी कोणी आलं त आधी पाणी देतो का नाही आपण?"

"पाहुणा त तू होता."

"हाव, पण त्याले कुठं माहीत."

मला हसू आलं, आणि हसू आलं याचा राग आला. मग तो समजावून सांगायला लागला. पहिल्या बोर्डात आपण खेळत नसतो, पाहत असतो. बोर्ड कोणत्या कोपऱ्याला उतरता आहे, पावडर खरी आहे की हॉटेलवाल्यानं तांदळाचं पीठ टाकलं आहे, समोरचा चिडला की जोरात मारतो की हळू. "हारता हारता सगळा माणूस वाचून होते. जिंकणाऱ्याले काही दिसत नाही पोरी, तो आपल्याच आनंदात राह्यते." लबाड होता, पण सांगायचा असा की दुसऱ्याला ऐकत बसावं वाटे.

त्यानंतर दीडेक वर्षानं तो नाकाडोंगरीहून परत आला तो उजव्या हाताला टॉवेल गुंडाळून. एसटीच्या दारात बोट सापडलं म्हणाला. मधलं बोट, ज्यानं तो स्ट्रायकर मारायचा तेच. आईनं हळद-चुना लावताना त्याला इतक्या शिव्या दिल्या की मला कळलं, तिचा त्या एसटीवर विश्वास नाही. खरं काय ते पुढे त्यानंच सांगितलं. एका महिन्यात तो तिथे दुसऱ्यांदा गेला होता. कशासाठी, ते नाही सांगितलं. कोणीतरी ओळखलं. दोघांनी मनगट धरलं, तिसऱ्यानं बोट. "खेळणारेच होते ते बी," म्हणाला, "त्याहिले बरोबर माहीत, कोणतं बोट घ्याचं." हाडवैद्यानं बांधून दिलं, पण बोट वाकडंच राहिलं. दौरे संपले.

दोन-तीन महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून असे. आई त्याला उठवायची, जेवायला घालायची, पुन्हा तो भिंतीकडे. मग एक दिवस लाखांदूरच्या कुठल्याशा मंडळानं टाकून दिलेला एक कॅरमबोर्ड डोक्यावर घेऊन आला. एक कोपरा पाण्यानं फुगलेला, जाळ्या गायब. जाळ्या आईनं शिवल्या, मासे धरायच्या जाळ्याच्या तुकड्यांच्या. मामानं बोर्ड मधल्या घरात पाटावर मांडला आणि मला म्हणाला, "बस."

"कायले?"

"तुले बसून करायचं काम पाह्यजे ना?"

मला वाटलं थट्टा करतो आहे. थट्टा नव्हती. मुलींच्या स्पर्धा होतात, जिंकणाऱ्यांना मोठमोठी ऑफिसं खेळाडू म्हणून नोकरीवर घेतात, क्लार्कची खुर्ची देतात, हे तो कुठूनतरी नक्की करून आला होता. "माह्या हातानं सारी जिंदगी लोकाईच्या खिशात हात घातला," म्हणाला, "एक काम त सरळ होऊ दे."

आणि शिकवायचा कसं! तो कधी "असं मार" म्हणायचा नाही. सकाळी बोर्डाच्या एखाद्या पायाखाली खापराचा तुकडा सरकवून ठेवायचा आणि विचारायचा, "सांग, आज पाणी कोणीकडं वाह्यते?" म्हणजे बोर्डावर पाणी ओतलं तर कुठे जाईल ते मी चार फटक्यांत ओळखायचं. कुठल्या पायाखाली खापर आहे हे खाली वाकून बघायचं नाही. पॉकेटच्या तोंडाशी धानाचा एक दाणा ठेवायचा. सोंगटी आत गेली पाहिजे, दाणा हलता कामा नये. मी छान फटका मारला की तो काहीच बोलत नसे. नशिबानं एखादी सोंगटी पडली की मात्र सोडायचा नाही. "आता तीच पुन्हा पाड." ती पुन्हा पडेपर्यंत जेवण नाही. एकदा संतापून मी स्ट्रायकर खिडकीतून फेकला. तो मागच्या विहिरीत पडला. मामा ओरडला नाही. आठवडाभर मला पावडरच्या डबीच्या झाकणानं खेळवलं. त्या झाकणानं खेळून माझं बोट इतकं हलकं झालं की नवा स्ट्रायकर आल्यावर तो आपोआपच चालतो आहे असं वाटे. मास्तर मी शाळेत खूप पाहिले, पण शिकवणं काय असतं ते मी मामाकडे पाहिलं, हे मला कोणाही समोर कबूल करायला लाज नाही.

पण तो शिकवायचा तेच, जे त्याला येत होतं. आमच्या घरातही पहिला बोर्ड पाहुण्याचाच असे. रोज. पहिला बोर्ड मी हरायचा, आणि हरायचा म्हणजे असा नाही की स्ट्रायकर कुठेही भिरकावला. सोंगटी पॉकेटच्या ओठावर येऊन उभी राहिली पाहिजे, बघणाऱ्याच्या तोंडून "अरेरे" निघालं पाहिजे, आणि समोरच्याची वाटही तिनंच अडवली पाहिजे. जिंकणं मी सहा महिन्यांत शिकले, हरणं शिकायला वर्ष लागलं. मी कधीतरी विचारलंही होतं, "मामा, मले कोठं पैसे लावून खेळाचं हाय? मले कायले हे?"

त्यानं बोटातला स्ट्रायकर खाली ठेवला. मग म्हणाला, "मले दुसऱ्या तऱ्हेनं शिकवता येत नाही व."

तेव्हा मला ते उत्तर पुरेसं वाटलं. आणि खरं सांगायचं तर उपयोगाचंही होतं. तालुक्याच्या स्पर्धेत मी पहिल्यांदा गेले तेव्हा बाकीच्या मुली नव्या बोर्डावर चाचपडत होत्या. मी पहिला बोर्ड देऊन टाकला, तेवढ्यात बोर्डही कळला आणि समोरचीही, आणि मग पुढचे सगळे घेतले. जिल्ह्यालाही तसंच. दर सामन्यात पहिला बोर्ड माझा जायचा आणि सामना माझा व्हायचा. लोक म्हणायला लागले, "हिची चूल उशिरा पेटते." मामा मागे बसून मिशीत हसायचा. तीन तीन डावांचे सामने, आणि एकेका डावात कितीतरी बोर्ड. एक बोर्ड गेला तर कोणाचं काय जातं?

ऐंशी साल उलटून गेल्यावर ती जागा निघाली. नागपूरच्या एका ऑफिसला कॅरम खेळणारी मुलगी हवी होती. क्लार्कची पक्की नोकरी. आमच्या जिल्ह्यातून एकच घेणार होते आणि निवड भंडाऱ्याला एका शाळेच्या हॉलमधे होणार होती. माझ्या वयाची मर्यादा संपायला तीन महिने उरले होते, म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती. आईनं देवीला कोंबडं बोललं. मामानं दाढी केली, बाबांचा पेटीतला पांढरा सदरा घातला. एसटीत मला खिडकी दिली आणि स्वतः वाटभर उभा राहिला, बसायला जागा असूनही.

सकाळपासून सामने झाले. मी माझे तिन्ही जिंकले, आणि तिन्हींत पहिला बोर्ड हरून जिंकले. दुपारी चारच्या सुमारास दोघी उरलो. मी आणि भंडाऱ्याचीच एक कॉलेजातली मुलगी. तिच्यावर मला रागही धरता येत नाही. माझी काठी पडली तेव्हा तिनं उचलून दिली आणि बसताना माझी खुर्ची धरली. तिच्या हाताला घाम होता.

बोर्डावर पावडर टाकून झाली, आणि नागपूरच्या साहेबांनी घड्याळ पाहिलं. त्यांना गाडी होती. ते पंचांना म्हणाले, "तीन डाव कुठे खेळवत बसता, एक बोर्ड होऊ द्या. जी जिंकेल ती."

पंचांनी मान हलवली. कोण बोलणार? नोकरी त्यांची, घड्याळ त्यांचं. मी मागे वळून पाहिलं. मामा बाकावरून उठून उभा राहिला होता. त्याचा चेहरा मी त्याआधी तसा कधी पाहिला नव्हता, बोट मोडून आला होता तेव्हाही नाही. तोंड उघडलं होतं, पण प्रेक्षकांनी बोलायचं नाही असा नियम. पंच म्हणाले, "काका, खाली बसा." तो बसला.

मी काही बावळट नव्हते. मला कळलं होतं. मनातल्या मनात मी हाताला सांगितलं, हाच बोर्ड आहे, दुसरा नाही, पहिल्या फटक्यापासून मार. पण पहिल्या फटक्यापासून मारायचं कसं? ते मी जन्मात कधी केलं नव्हतं. माझे डोळे आपोआप बोर्डाचा उतार शोधायला लागले. तिचं मनगट बघायला लागले. ती घाबरली की हळू मारते, हे मी शोधूनही काढलं आणि मला आनंदही झाला. पुढच्या बोर्डात उपयोगी पडेल म्हणून. तोवर तिच्या पाच सोंगट्या गेल्या होत्या.

मग मात्र मी खेळले. तसं मी आधी कधी खेळले नव्हते. एका पाठोपाठ एक सोंगट्या आत गेल्या, राणी घेतली, कव्हरही घेतलं. शेवटी माझी एक काळी उरली आणि तिच्या दोन पांढऱ्या. माझी काळी पॉकेटपासून वीतभर, सरळ. समोर काही नाही, बाजूला काही नाही. लहान पोरानं डोळे मिटून पाडावी अशी.

मी मारली. ती गेली, आणि पॉकेटच्या ओठावर जाऊन उभी राहिली.

हॉलमधून "अरेरे" आलं. सगळ्यांकडून आलं, साहेबांकडूनही. मागच्या बाकावरून काहीच आलं नाही. त्या मुलीनं तिच्या दोन्ही पाडल्या आणि मग रडायला लागली, मलाच मिठी मारून. साहेब "हार्ड लक" म्हणाले आणि निघाले. त्यांना त्यांची गाडी मिळाली असावी.

परतीच्या एसटीत पवनी आल्यावर मामानं माझ्याकडे न बघता विचारलं, "पोरी, ते तू सोडली का राह्यली?"

"मले माहीत नाही, मामा."

हे मी त्याला टाळायला म्हटलं नव्हतं. मला खरंच माहीत नव्हतं आणि आजही नाही. मी मारायलाच गेले होते, एवढं मला ठाऊक आहे. पण ती ज्या तऱ्हेनं थांबली, तसं तिला थांबवायला मी वर्षभर शिकले होते. कोणाची सोंगटी चुकते तेव्हा ती कुठेही जाते. माझी नेमकी ओठावर गेली.

आणि मग मी ते बोलले. माझी जीभ लहानपणापासून तिखट, आई म्हणायची हिच्या पायातली ताकद जिभेत गेली. मी म्हटलं, "तुनंच मले हाराले शिकवलं."

तो "हाव" म्हणाला. नुसतं "हाव". भांडला असता, उलट बोलला असता, निदान मास्तरासारखं रागावला असता तर माझा राग तरी निघाला असता. त्यानं वाकडं बोट मांडीवर ठेवलं आणि तो बाहेर बघत बसला.

आमचे चेहरे बघून आईनं ताटं वाढली. दुसऱ्या सकाळी उठून देवीला बोललेल्या कोंबड्याच्या पायाची दोरी सोडून त्याला उकिरड्यावर हाकललं. त्या सगळ्या भानगडीत फायदा झाला तो त्या एका कोंबड्याचा.

तीन महिने गेले, वय गेलं. पुढे मी हाताच्या मशीनवर ब्लाऊज शिवून पोट भरलं, तेही बसूनच, तेव्हा माझं अडलं असं म्हणता येणार नाही. पण ती खुर्ची ती खुर्चीच. पहिल्या वर्षी तर मला कॅरमचा आवाजही सहन होत नसे. बोर्ड मी भिंतीला उभा करून वर गोणपाट टाकलं होतं.

वर्षाच्या शेवटी, धान घरी येऊन ढोली भरल्यावर, एका सकाळी मामानं ते गोणपाट काढलं. बोर्ड पुसला, पाटावर मांडला.

"बस."

"आता कायले? आता कोण नोकरी देते?"

"बस त. आता पहिलाच बोर्ड खेळाचा. रोज एकच. पहिल्यापासून माराचं."

नाही म्हणायला माझ्या जिभेवर बरंच काही होतं. पण तो बोर्डापलीकडे मांडी घालून बसला होता, सदऱ्याची बाही वर सारून, आणि मला नाही म्हणवेना. मी बसले. पहिल्या दिवशी मी जिंकले. दुसऱ्या दिवशीही. आठवडाभर रोज जिंकत होते, आणि काय सांगू, वेडी मी, मला बरं वाटायला लागलं होतं. वाटलं, हात सुधारतो आहे. आई चुलीपासून म्हणायची, "आज बी जितली का?" आणि मामा म्हणायचा, "जितली."

आठव्या की नवव्या दिवशी त्याची एक सोंगटी पॉकेटच्या तोंडाशी होती. नुसती फुंकर मारली तरी पडली असती. मामानं मारलं. स्ट्रायकर तिच्या बाजूनं केसाच्या अंतरानं गेला आणि सोंगटी जागेवरच राहिली.

माझं डोकं फिरलं. आठवडाभराचं सगळं मला एकदम कळलं, किंवा कळलं असं वाटलं. हा मला पाहुणा करून हरतो आहे. लाखांदूरच्या हॉटेलातल्यासारखा. मी दोन्ही हातांनी बोर्ड उलटवला. सोंगट्या घरभर गेल्या.

"मले कायले फसवून राह्यला, मामा? मी का ट्रकवाली हाय?"

आई धावत आली. मामा बसल्या जागेवरून म्हणाला, "फसवत नाही, पोरी. माराचीच होती मले."

"एवढ्या जवळची?"

"जवळ होती का?" त्यानं विचारलं.

मग तो गुडघ्यांवर आला आणि जमिनीवर हात फिरवत सोंगट्या गोळा करायला लागला. मी बघत होते. काळी सोंगटी त्याच्या गुडघ्यापाशी पडली होती, तिला ओलांडून त्याचा हात पुढे गेला. मग मागे आला. मग पुन्हा पुढे. पांढऱ्या त्याला सापडत होत्या, काळ्या मात्र शेणाच्या सारवणावर सापडत नव्हत्या. हे किती दिवसांपासून होतं ते त्यानं आम्हाला कोणाला सांगितलं नव्हतं. आई तोंडाला पदर लावून दारात उभी राहिली.

राणी घरंगळत धानाच्या ढोलीखाली जाऊन पडली होती. मला ती बसल्या जागेवरून लाल दिसत होती. पण तिथं वाकून हात घालणं माझ्या पायानं होण्यासारखं नव्हतं. मामा सरपटत ढोलीपर्यंत गेला आणि खालची जमीन चाचपायला लागला. "कोठं हाय व?" म्हणाला. मी बोटानं दाखवत राहिले. "थे, तिथं, मामा. आणखी आत. तिथं."